चुळीची वही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या नानांना तर नाहीच. नांदगावचा दगडू नामदेव, ज्याचं नाव आमच्या कारखान्यात तेरा वर्षं आदराने घेतलं जातं, तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. तो मी केला. एका दुपारी, अर्ध्या तासात, शाईच्या पेनाने.

आता लिहून टाकलं.

यंदा दसरा झाला आणि गंगापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कात्र्या वाजायला लागल्या. द्राक्षाची छाटणी. सकाळी लूनावरून कामाला निघालो की बागेबागेतून तो कट्-कट् आवाज येतो, ओल्या काडीचा हिरवट वास नाकात शिरतो, आणि कालपर्यंत गच्च असलेल्या मांडवाखाली एकाएकी लख्ख ऊन पडलेलं दिसतं. माझ्या पोटात तेव्हा जत्रेला निघालेल्या पोरासारखं काहीतरी हलतं. वय सेहेचाळीस, केस गेलेत, पण हे हलणं गेलं नाही. छाटणीनंतर पंधरा दिवसांत काडीचे डोळे फुटतात, कोवळ्या पानावर केवडा रोग यायची धास्ती सुरू होते, आणि सगळ्या जिल्ह्याला एकदम फवारणीचे पंप हवे असतात. आमचा सातपूरचा कारखाना हे पंप करतो. आणि पंपाबरोबर खोक्यात जी छोटी पुस्तिका असते, ती मी करतो.

मी पुस्तकं लिहितो म्हटलं की पाव्हणे विचारतात, कथा की कविता. मी म्हणतो, पंप. मग ते चहाकडे वळतात.

पण तेरा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या हंगामात, आम्ही जे केलं, तेवढा थरार मला पुढे कशातच मिळाला नाही. नवा पितळी पंप निघाला होता. टाकीत औषध भरायचं, दट्ट्याने हवा भरायची, पंप पाठीला लावायचा आणि बागेत चालत सुटायचं. मला कामाला लागून तीनच महिने झाले होते. विज्ञानाची पदवी, अक्षर चांगलं, एवढ्या भांडवलावर मला पुस्तिका लिहायला बसवलं. मी पंपाचे नकाशे समोर ठेवून दोन दिवसांत वीस पानं लिहिली आणि जुळणी खात्याच्या फोरमनकडे, म्हणजे नानांकडे, नेऊन दिली.

नाना निफाडकडचे. सातवी शिकलेले, पण पितळेच्या आवाजावरून त्याची जाडी सांगणारे. त्यांनी पानं हातावर तोलली.

"झालं लिहून?"

"हो नाना."

"मंग आता सुरुवात करू. ओ लेखक, तोंडात चूळ धरा."

मला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. नानांची पद्धतच अशी होती. पुस्तिका लिहून झाली की पंपाला कधी हात न लावलेला माणूस शोधायचा. त्याला नाना 'कोरा' म्हणत. कोऱ्यापुढे पंप ठेवायचा, हातात पुस्तिका द्यायची, आणि सांगायचं, लिहिलंय तेवढंच कर, त्याच्या पलीकडे काही करू नकोस. लिहिणाऱ्याने समोर उभं राहायचं, तोंडात पाण्याची चूळ धरून. बोलायची सोयच नाही. पाणी थुंकलास किंवा गिळलंस, तर ते पान नापास. परत लिही.

"शाळेत गुर्जी बडबड्या पोरांला चूळ धरून बसवायचे," नाना म्हणाले. "माझं निम्मं शिक्षण तसंच झालंय. लय कळतं गप बसलं की."

पहिला कोरा आमच्या कॅन्टीनमधल्या सिंधूबाई. चौथी झालेल्या, ओळीखाली बोट ठेवून वाचणाऱ्या. सातपूरजवळच्याच वसाहतीत त्यांचं घर होतं, घरात बुद्धाच्या तसबिरीखाली मुलांची दप्तरं टांगलेली असत. मुलांना शिकवताना त्या स्वतः पुढचं वाचायला शिकल्या होत्या, त्यामुळे छापलेल्या अक्षराशी त्यांचं वागणं फार कडक होतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि वाचलं, "झाकण घट्ट बसवा." मग पुस्तिका खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"घट्ट म्हंजे कोणाचं घट्ट, दादा? माझं का तुमचं?"

माझे गाल फुगलेले. मी डोळ्यांनी काहीतरी सांगायला गेलो, तर नाना मागून म्हणाले, "डोळेबी मिटा."

सिंधूबाईंनी आपलं घट्ट बसवलं. हवा भरल्यावर झाकणाच्या कडेने पाणी फुसफुसलं आणि त्यांच्या चपला भिजल्या. मी हसलो आणि चूळ गेली. पान नापास. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या, सकाळी सायकलवर, सगळीकडे माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: घट्ट म्हणजे किती घट्ट. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'झाकण नुसत्या हाताने फिरेल तेवढे फिरवा. पक्कड लावू नका.' ते वाक्य झालं तेव्हा मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. दहा शब्दही नसतील, पण त्यातला प्रत्येक जण कामाला लागलेला होता.

असे किती प्रसंग. 'टाकीत पाणी भरा' वाचून टायपिस्ट बाईंनी काठोकाठ भरलं, हवेला जागाच ठेवली नाही. त्या दिवशी टाकीच्या आत एक रेघ आखायचं ठरलं. म्हणजे माझ्या वाक्यापायी पंप बदलला. फाटकावरचे रखवालदार काका फौजेतून आलेले, हुकूम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. 'दट्ट्या वर-खाली करा' एवढंच मी लिहिलं होतं, थांबा असं कुठे लिहिलं नव्हतं. ते करत राहिले. घाम गळतोय, मिशा ओल्या, मी चूळ धरून तडफडतोय, आणि नाना शांतपणे तंबाखू मळतायत. शेवटी काकांनीच दम खात विचारलं, "साहेब, लढाई संपली का?" जुळणी खात्यातली पोरं जमिनीवर बसून हसली. त्या पानावर मग 'चाळीस वेळा' आलं.

अडचण एकच. एकदा पुस्तिका वाचून पंप हाताळला की माणूस कोरा राहत नाही. पंधरवड्यात कारखान्यातले कोरे संपले. मग आम्ही बाहेरून आणायला लागलो. चहा पाजतो म्हणून सांगून रस्त्यावरून भाजीवाला आणला, टपालवाला आणला, एकदा तर मालकांच्या मेहुण्यांनाच पितळी टाकीसमोर बसवलं. प्रत्येकाची नोंद नाना एका लाल वहीत करवून घेत: नाव, गाव, किती शिकला, कुठल्या ओळीवर अडला, मग काय केलं. हीच चुळीची वही. मी चूळ थुंकून लगेच लिहायला बसत असे, तोंड ओलंच. वर्कशॉपचा वास, पितळेचा भुसा, दुपारी पत्र्यावर तापणारं ऑक्टोबरचं ऊन, आणि शेजारच्या बागेतून येणारा कात्रीचा आवाज. ह्या सगळ्यात मी इतका रमलो की घरी जायचं जिवावर यायचं.

एका संध्याकाळी नाना मला त्या बागेच्या कडेला घेऊन गेले. छाटणारा पुढे, बागाईतदार त्याच्या मागोमाग. छाटणारा काडीवरचे डोळे मोजी, कात्री लावी. बागाईतदार पडलेली काडी उचलून काप बघे.

"फळ यायला फाल्गुन उजाडंल," नाना म्हणाले. "तेव्हा ह्याला काय बोलून उपयेग? फळ तर औषधानंबी येतं, हवेनंबी येतं. म्हून तो आत्ता बघतोय, काप कसा दिला ते."

मी मान हलवली. कळलं असं वाटलं होतं.

आणि मग ती दुपार.

पुस्तिका पूर्ण झाली होती. द्वारका चौकाजवळच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून निम्मी पानं तयार होती. दिवाळीसाठी छापखाना बंद व्हायला दोन दिवस उरले होते. आणि ऐन वेळी झाकणाची रचना बदलली. आतली हवा सोडायची चावी आधी झाकणावर होती, ती टाकीच्या कुशीत गेली. म्हणजे सतरावं पान, 'मध्येच झाकण काढायचे असल्यास', नव्याने लिहायला हवं. नाना मुलीकडे गेले होते, जाताना बजावून: "सतराव्याची चूळ झाल्याबिगर पान सोडू नका. हवा भरलेली टाकी हाय ती. औषध डोळ्यात जाईल कोणाच्या."

मी पान लिहिलं. चार ओळी. वाचून पाहिल्या, चोख वाटल्या. छापखान्याचा माणूस सायकल घेऊन फाटकाशी उभा. कोरा मिळेना. कारखान्यातले कोरे कधीच संपलेले, रस्त्यावर उन्हाने चिटपाखरू नाही. मी दहा मिनिटं फाटकात उभा राहिलो. मग आत गेलो, लाल वही उघडली आणि लिहिलं: दगडू नामदेव, नांदगाव.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मला मजा आली. मला वाटलं होतं, दोन ओळींत उरकीन. पण पेन चालू लागलं. मी त्याला धोतर दिलं, कमरेला पानाची चंची दिली, डाव्या हाताचं एक बोट थोटं केलं. पहिली ओळ वाचून तो आपल्या बोलीत "हाई काय शे?" असं पुटपुटला असं लिहिलं. खऱ्यासारखं दिसावं म्हणून त्याला एकदा अडवलंही, एका निरुपद्रवी ओळीवर. आणि शेवटी लिहिलं: 'हा गृहस्थ कामाला हात लावण्याआधी सगळ्या ओळी एकदा वाचून घेतो, मग क्रमाने करतो. पान पास.'

ते मी का लिहिलं, मला तेव्हा समजलं नाही. आता समजतं. मी स्वतः पान तसं वाचलं होतं. खुर्चीवर बसून, सगळं एकदम. दगडूला वाचायला शिकवलं ते मीच.

पान गेलं. छापून आलं. दिवाळीनंतर नाना परतले, वही उघडून उभ्याउभ्याच नोंद वाचली, आणि चष्मा काढला.

"ओ लेखक, माणूस बघावा तर असा. ह्याला म्हणत्यात डोळा." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मोठी थाप होती. अजून तिथे लागते.

पुढे तर वाढतच गेलं. नाना नव्या माणसांना ती नोंद वाचून दाखवू लागले. आधी त्यांचा दंडक होता, ओळ ज्या जागी करायची त्याच जागी आली पाहिजे. दगडूमुळे तो सैल झाला. "शेतकरी आधी सगळं वाचून घेतो, नांदगावच्या त्या बाबानं दाखवलंय," असं म्हणत त्यांनी दोन-तीन पुस्तिकांतली मागेपुढे झालेली वाक्यं चालवून घेतली. तीस खऱ्या माणसांनी शिकवलेलं माझ्या एका खोट्या माणसाने पुसलं. मी समोर उभा राहून ऐकत असे. तोंडात चूळ नव्हती, तरी गप्प.

स्वतःला एकच समजूत घालत होतो, आणि ती भक्कम होती: पुस्तिकेची एकही तक्रार आली नाही. हजारांनी पंप गेले. मालक खूश, मला बढती. साहेब लोक तर म्हणायला लागले, सतरावं पान चटकन झालं ना, मग बाकीच्यांना तीन-तीन आठवडे कशाला? त्या हंगामानंतर एकही चूळ झाली नाही. नाना निवृत्त झाले आणि लाल वही कपाटात गेली. निकाल चांगला आहे, मग कसा आला हे कोण विचारतो. मीही विचारलं नाही. मला तेच सोयीचं होतं.

यंदा आमच्याकडे वैशाली नावाची मुलगी लागली, तंत्रनिकेतनातून नुकतीच आलेली. कपाट आवरताना तिला वही सापडली. दुपारी डबा खाताना ती वाचत बसली, मधूनमधून फिसफिसत हसत. रखवालदार काकांपाशी तर तिला ठसकाच लागला. मग एकदम थांबली.

"सर, हा नांदगावचा माणूस विचित्र आहे."

"का गं?"

"सगळे ओळ वाचतात आणि लगेच करतात. बाकीच्या तीस नोंदींत एकसुद्धा अपवाद नाही. हा एकटाच आधी सगळं वाचतो. आणि ह्याच्या धोतरापासून बोटापर्यंत सगळं लिहिलंय, बाकीच्यांचं कुणाचं नाही."

मी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला आणि तो तिथेच राहू दिला.

"आपण करून बघू या का सतरावं पान?" ती म्हणाली. "मी अजून पंपाला हात लावलेला नाही. कोरी आहे मी."

जुळणी खात्याच्या मागे, जिथे नाना तंबाखू मळत उभे राहत, तिथेच पंप ठेवला. साधं पाणी भरलं, आमच्या एका माणसाने हवा भरून दिली. मी नळाखाली ओंजळ धरली आणि तेरा वर्षांनी तोंडात चूळ घेतली. गार पाणी, किंचित लोखंडाची चव. खरं सांगतो, भीतीपेक्षा हौस जास्त होती.

वैशालीने मोठ्याने वाचलं. "एक. पंप सपाट जागी ठेवा." ठेवला. "दोन. पंप दोन्ही पायांत दाबून धरा." धरला. "तीन. झाकण बसवले त्याच्या उलट फिरवून काढा."

तिचा हात झाकणाकडे गेला. आणि त्या क्षणी ते पान मला पहिल्यांदा दिसलं. पाठ होतं, पण दिसलं नव्हतं. चौथी ओळ मला आठवली, माझ्याच अक्षरातली. चूळ भसकन बाहेर पडली आणि मी "थांब" म्हणून ओरडलो, पण तिने पीळ दिला होता. फुस्स आवाज झाला, झाकण उडून पत्र्यावर आदळलं आणि पाण्याचा लोट तिच्या कानाजवळून वर गेला. नशीब, तिची मान बाजूला होती. ती नखशिखांत भिजली, मी चुळीनेच भिजलो होतो.

तिने ओल्या हाताने पुस्तिका उचलली आणि पुढची ओळ वाचली. "चार. त्यापूर्वी कुशीतली चावी उघडून आतली हवा सोडून द्या." मग माझ्याकडे बघून हसत सुटली. "सर, हे आधी सांगायचं असतं."

मला लाज वाटायला हवी होती. ती आली, पण मागाहून. आधी आला तो आनंदच, पूर्वीसारखा, अंगावर काटा आणणारा. चूक सापडली होती. कुठल्या ओळीत आहे, कशी सुधारायची, सगळं समोर लख्ख, छाटलेल्या बागेत ऊन पडावं तसं. मी तिथेच भिंतीला कागद टेकवून तिसऱ्या आणि चौथ्या ओळीची अदलाबदल केली, 'त्यापूर्वी' खोडला, 'हवेचा आवाज थांबेपर्यंत झाकणाला हात लावू नका' असं घातलं. वैशालीने शेजारच्या बागेतून एक छाटणारा कोरा म्हणून आणला. पान पास झालं. लाल वहीत तेरा वर्षांनी खरी नोंद झाली, तिच्या अक्षरात.

मग घरी आलो, आणि जेवायला बसल्यावर ती लाज आली. तक्रार आली नाही, तक्रार आली नाही, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली. पण आमच्या बागाईतदारांपैकी पुस्तिका उघडतात किती? पंप कसा लावायचा ते शेजाऱ्याला विचारतात. त्यांना माझ्या पानाने वाचवलं नाही, त्यांच्या न वाचण्याने वाचवलं. आणि ज्याला विचारायला शेजारी नव्हता, ज्याने सिंधूबाईंसारखं ओळीखाली बोट ठेवून माझं वाचलं, माझ्यावर विश्वास ठेवून एकेक ओळ केली, त्याचं काय झालं? फवारणीच्या मोरचुदाचं पाणी डोळ्यात गेलेला माणूस तांब्याभर पाणी मारतो, चोळतो, दोन दिवस पडून राहतो आणि स्वतःलाच नावं ठेवतो. तो कारखान्याला पत्र लिहीत नाही. मालकांना मी पानातली ही चूक सांगितली तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला उकरता?" काही झालं नाही हे त्यांना कुठून कळलं, असं मी विचारलं. त्यांनी छपाईच्या कागदावर सही केली. नवं पान छापायला गेलं, दुकानदारांकडे चिठ्ठ्याही गेल्या. ते काही फेडणं नव्हे, ते माझं कामच होतं.

नाना आता इंदिरानगरात मुलाकडे असतात. नजर जवळजवळ गेली आहे. मागच्या महिन्यात भेटायला गेलो होतो, वैशालीची ती चूळ व्हायच्या आधी. सूनबाईंनी चहा दिला. नाना माझा हात हातात घेऊन बसले, बोटं चाचपत राहिले, पितळ चाचपावं तशी.

"लेखक, तो नांदगावचा बाबा हाय का अजून?"

"माहीत नाही नाना."

"एकदा भेटवा. लय जणांची चूळ पाह्यली, पण असा नाय पाह्यला. माझ्या मनात राहून गेलंय बघा."

मी चहा पीत राहिलो. गिळताना आवाज झाला, तो त्यांना ऐकू गेला असणार.

हा लेख एका दिवाळी अंकात येणार आहे. नानांना दिवाळी अंकांचा फार नाद. सूनबाई दुपारी एकेक लेख वाचून दाखवतात. म्हणजे हे त्यांच्या कानावर पडणार, तिऱ्हाइताच्या तोंडून, उशिरा, माझ्या चौथ्या ओळीसारखं. तसं व्हायच्या आत मला इंदिरानगरला जायला हवं. दोनदा निघालो होतो, द्वारकेच्या चौकातून परत फिरलो.

दगडू नामदेव नव्हताच, हे नानांना त्यांच्यासमोर बसून सांगणं मी अजून देणं लागतो. आणि ज्याने माझी तिसरी ओळ वाचून झाकण फिरवलं, त्या माणसाची माफी मी देणं लागतो. त्याचं नाव, गाव मला माहीत नाही.